गाडी उसळते म्हणून शॉकअपला दोष देण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात परभणी जिल्ह्यातील एका वाहनधारकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. खराब रस्त्यांना कंटाळून त्यांनी आपल्या गाडीला गॅसचे नवे शॉकअप (शॉक अॅब्झॉर्बर) आणि जाड तारेच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या, आणि त्यानंतर गाडी पूर्वीपेक्षा जास्त उसळू लागली. त्यावरून बाजारात मिळणारे सुटे भाग बोगस असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. त्यांचा संताप मला समजतो, कारण दीड वर्षापूर्वी मी नेमका त्याच अवस्थेत होतो आणि माझ्याही तोंडी तेच शब्द होते. मात्र आज तो निष्कर्ष मला मान्य नाही. भाग अस्सल असूनही निवड चुकली किंवा बसवणूक चुकली, तर गाडी उसळते. आणि ही चूक घरच्या घरी टेपने मापे घेऊन व थोडा धीर धरून बरीचशी शोधता येते. ती कशी शोधावी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी सात आसनांची डिझेल गाडी आहे. पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावी थोडी शेती आणि दुधाचा जोडधंदा असल्यामुळे आठवड्यातून दोनदा मागची आसने दुमडून सरकी पेंडीची सहा पोती, म्हणजे सुमारे तीनशे किलो वजन, आणावे लागते. उरलेले पाच दिवस गाडी रिकामी असते आणि त्यांतल्या एका दिवशी आईला पाठीच्या उपचारासाठी लातूरला न्यावे लागते. पोती भरल्यावर गाडी मागून बसते म्हणून मी एका दुकानदाराच्या सल्ल्याने मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला आणि चारही शॉकअप नवे, गॅसचे, घेतले. ‘पोटातले पाणी हलणार नाही,’ असे त्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत आई चाकूरपर्यंत वरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसली आणि लातूरच्या अलीकडे म्हणाली, ‘आरं, पार हेंदकाळून निघाले मी.’ ज्या पाठीसाठी आम्ही दवाखान्यात चाललो होतो, तीच पाठ वाटेत दुखावत होतो. नवे भाग घेऊन मी पैसे वाया घालवले यापेक्षा हे मला जास्त लागले, आणि तिथून माझा शोध सुरू झाला.

सर्वांत आधी एका नावाचा घोळ दूर केला पाहिजे, कारण निम्मी फसगत त्या नावानेच होते. शॉक अॅब्झॉर्बर म्हणजे दणका शोषणारा, असे आपण समजतो. वास्तविक खड्ड्याचा दणका झेलते ती स्प्रिंग किंवा पाटा, आणि दाबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिची ती उसळी जिरवतो तो शॉकअप. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून दाबाने जाते, तेथे उसळीतली शक्ती उष्णतेत बदलते, आणि म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो कोमट किंवा गरम लागतो. स्प्रिंग आणि शॉकअप यांचा हा जोडा असतो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी तिची उसळी आवरायला शॉकअपची पकड जास्त लागते. गाडी तयार करणाऱ्यांनी हा मेळ त्या गाडीच्या वजनाप्रमाणे बसवलेला असतो. आपण जोडीतला एकच भाग बदलतो किंवा दोन्ही बदलूनही ते एकमेकांसाठी आहेत की नाहीत हे पाहत नाही, आणि मग गाडी टप्पे खाऊ लागते.

‘गॅसचा शॉकअप म्हणजे मऊ’ हाही असाच एक समज आहे. त्यात नायट्रोजन भरलेला असतो तो मुख्यतः तेलाला फेस येऊ नये म्हणून, कारण फेसाळलेले तेल पकड सोडते आणि लांबच्या खडबडीत प्रवासात शॉकअप ढिला पडतो. मऊपणा किंवा कडकपणा ठरतो तो आतल्या झडपांवरून. शिवाय दाबलेला गॅस दांडीला थोडेफार बाहेरच ढकलत असतो, त्यामुळे असे शॉकअप लावल्यावर गाडी किंचित उचलली जाते. दुकानात मात्र ‘गॅस’ हा शब्दच विकला जातो.

आता तपासणीकडे वळतो. पहिली गोष्ट म्हणजे गाडी नेमके काय करते, हे शब्दांत नीट मांडले पाहिजे, कारण ‘गाडी जंपिंग करते’ एवढे सांगून मेकॅनिकच्या हाती काहीच लागत नाही. खड्ड्यात चाक गेल्यावर एकच कडक दणका बसतो आणि लगेच सगळे शांत होते, तो वेगळा प्रकार. ठरावीक वेगाला स्टिअरिंगमध्ये किंवा आसनात बारीक थरथर येते, तो चाकांच्या बॅलन्सिंगचा किंवा टायर वेडावाकडा झाल्याचा प्रकार; त्याचा शॉकअपशी संबंध बहुधा नसतो. आणि उंचवटा ओलांडून गेल्यावरही गाडी दोन-तीनदा वर-खाली होत राहते, ती खरी उसळ. सिमेंटच्या महामार्गावर येणारी ठक-ठक आणखी निराळी. तेथे फरशीचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास सेकंदाला पाच सांधे चाकाखालून जातात, आणि कडक स्प्रिंगा किंवा जादा हवा असेल तर ते पाचही ठोके पाठीला कळतात. हा भेद मला आधी माहीत असता तर पहिला महिना वाया गेला नसता.

माझ्या गाडीची खोड अशी होती की ताशी ४० ला ती बरी चाले, ६० च्या आसपास घोड्यासारखी उधळे आणि ८० ला पुन्हा काहीशी निवळे. हे कोडे गावाच्या रस्त्यावरच सुटले. आमच्या गावापासून महामार्गाला मिळणारा रस्ता काळ्या जमिनीतून जातो. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर हळूहळू लाटा धरतो. त्या रस्त्याला खड्डे फारसे नाहीत, लाटा आहेत. एका सकाळी गाडी कडेला लावून मी एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत चालत गेलो. पंधरा पावले भरली, म्हणजे साधारण अकरा मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर. याचा अर्थ दर सेकंदाला दीड लाट गाडीखालून जात होती. नंतर त्याच वेगाने जाताना मुलीला मोबाइलवर वेळ लावून उसळ्या मोजायला सांगितल्या. दहा सेकंदांत पंधरा भरल्या. प्रत्येक गाडीच्या अंगाचा स्वतःचा एक झोका असतो, बहुतेक प्रवासी गाड्यांत तो सेकंदाला एक ते दीड वेळा असतो. पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी ढकलत राहिले तर हलक्या हातानेही तो झाडाच्या शेंड्याला लागतो, तसेच येथे होत होते. रस्ता माझ्या गाडीला तिच्याच तालात ढकलत होता, आणि तो झोका आवरणारा हात, म्हणजे शॉकअप, आपले काम करत नव्हता. लाटांचा रस्ता सगळ्यांच्याच वाट्याला आला आहे. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने शेजाऱ्यांची तशीच गाडी एकदा वर-खाली होऊन स्थिर होत होती, म्हणून केवळ रस्त्याला दोष देऊन भागणार नव्हते.

तपासणीला सुरुवात मी टायरच्या हवेपासून केली आणि प्रत्येकाने तेथूनच करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत पुढच्या-मागच्या टायरांची हवा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळी दिलेली असते. माझ्या गाडीला रिकामी असताना चारही टायरांत ३० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) सांगितलेली आहे. मोजली तेव्हा ती ४२ निघाली. पंक्चरवाल्याने ‘वजन नेता ना’ म्हणून भरली होती आणि मी कधी विचारले नव्हते. त्यातून आपल्याकडचा वैशाखातला उन्हाळा. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने चढतो आणि धावून टायर तापला की आणखी. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, थंड टायरवर मोजावी. फुगलेला टायर चेंडूसारखा वागतो आणि त्याला आवरायला कुठलाच शॉकअप नसतो. हवा ३० वर आणल्यावर माझा त्रास अंदाजे चौथा हिस्सा कमी झाला, आणि तोही फुकटात.

त्यानंतरची तपासणी मी लातूरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे केली. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी टेप मागितला. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी चारही चाकांवर मोजले, खडूने मडगार्डवरच आकडे लिहिले, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या, पाटे न वाढवलेल्या तशाच गाडीवर तीच मापे घेतली. माझी गाडी मागून पाच सेंटिमीटर वर होती. सुरुवातीला मला ते चांगलेच वाटले होते, कारण उंच गाडी रुबाबदार दिसते. मिस्त्री गाडीखाली गेले, मागच्या शॉकअपच्या दोन डोळ्यांमधले, म्हणजे टोकांच्या कड्यांमधले, अंतर मोजले, मग एक शॉकअप काढून तो पूर्ण ताणून पुन्हा मोजला. उभ्या गाडीत अंतर ४८ सेंटिमीटर होते आणि पूर्ण ताणल्यावर साडेपन्नास. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप जवळजवळ संपूर्ण ताणलेला होता. खाली लटकायला चाकाला अवघे अडीच सेंटिमीटर उरले होते. लाटेच्या माथ्यावर गाडी वर उचलली गेली की शॉकअप शेवटाला जाऊन खाडकन अडके आणि मागचे अख्खे जड अॅक्सल ओढून घेई. आईला जी ‘उडी’ वाटत होती, ती ही होती. शॉकअप नवा होता, अस्सल होता, आणि त्याला काम करायला जागाच ठेवलेली नव्हती.

उलट प्रकारही तितकाच घडतो, हे मिस्त्रींनी दाखवले. गाडी खाली बसवण्यासाठी आखूड स्प्रिंगा लावणारी तरुण मुले शॉकअप मूळ लांबीचेच ठेवतात. मग तो वरच्या अंगाला, म्हणजे रबरी बंप स्टॉपवर, सतत टेकलेला असतो आणि गाडी स्प्रिंगेवर न चालता त्या रबरावर टप्पे खात चालते. अनेक गॅरेजांत नवा शॉकअप लावताना जुना, झिजलेला बंप स्टॉप फेकून देतात आणि नवा घालायचा राहून जातो, ती आणखी एक चूक. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी किंवा प्लॅस्टिकसारखे बफर हल्ली आपल्याकडे फार खपतात. ते बसवल्याने गाडीचे पोट घासणे थांबते हे खरे आहे, पण ते स्प्रिंगेचे एक-दोन वेढे जखडतात, स्प्रिंग आपोआप कडक होते, आणि शॉकअप मात्र जुन्या मऊ स्प्रिंगेच्या हिशेबाचा राहतो. तीन-चार वर्षे वापरलेल्या थकलेल्या शॉकअपवर असे बफर घालणे म्हणजे उसळीला आमंत्रणच आहे.

पाट्यांचा हिशेब तर सरळ आहे. सारख्या जाडीचे चार पाटे होते, त्यांत पाचवा घातला की ताठरपणा सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतो. सहा पोती घातल्यावर तो ताठरपणा योग्य ठरतो, पण रिकाम्या गाडीला तो उचलून आपटतो. पाट्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही थोडी उसळी मरते. पाचवा पाटा घालताना कारागिराने सगळे पाटे साफ करून मधोमध ग्रीस भरले होते. त्याने ते चांगल्या हेतूनेच केले, पण तेवढी नैसर्गिक पकडही त्यामुळे गेली.

पुढच्या बाजूचा दोष वेगळा होता आणि तो मला सर्वांत जास्त शिकवून गेला. पुढचे डावे चाक लहान उंचवट्यावरही ‘टुक’ असा आवाज करून डगमगायचे. बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली तर उजवी बाजू वर येऊन जागेवर थांबे, डावी मात्र दोनदा डोले. ही चाचणी अगदी ढोबळ आहे, सूक्ष्म दोष तिच्यात सापडत नाही, तरी एका बाजूचा शॉकअप दुसऱ्यापेक्षा वेगळा वागतो आहे एवढे ती नक्की सांगते. मिस्त्रींनी डावा शॉकअप उतरवला, वाइसमध्ये उभा धरला आणि दांडी हळूहळू खाली दाबली. पहिले बोटभर अंतर ती पोकळ गेली, आत चुळचुळ असा आवाज झाला, आणि मग कुठे तेलाचा जोर लागला. त्यांनी तो उभाच ठेवून पूर्ण ताणला, पूर्ण दाबला, असे पाच वेळा केले. सहाव्या वेळी दांडी वरपासून खालपर्यंत एकसारख्या जोराने गेली आणि पोकळपणा नाहीसा झाला. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तो दुकानात आडवा पडून असताना हवा किंवा गॅस आतल्या नळीत शिरतो. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा चालवला की ती निघून जाते. दोन मिनिटांचे काम आहे, पण घाईत ते राहून जाते आणि ग्राहक नवा शॉकअप सदोष आहे असे समजून परत करतो. शॉकअपच्या अंगावर तेलाचा नुसता पुसट ओलावा असेल तर घाबरण्याचे कारण नसते. तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर मात्र तो गेला असे समजावे.

राहिले बुश. याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही चूक मला जवळजवळ प्रत्येक गॅरेजात दिसली आहे. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची दांडी) आणि पाट्यांच्या डोळ्यांत बसणारे रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असतात. चाक वर-खाली झाले की बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना चाके खाली लटकतात आणि आपला मेकॅनिक तशाच अवस्थेत सगळे बोल्ट कचकचून आवळतो. मग गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेतच राहतो, एका जादा स्प्रिंगेसारखा गाडीला वर ढकलत राहतो आणि काही महिन्यांत फाटतोही. गाडी जमिनीवर, आपल्या वजनावर उभी असताना, रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन, मगच हे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. गाड्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांतही असेच सांगितलेले असते. माझ्या गाडीचे पुढचे बोल्ट मिस्त्रींनी जमिनीवर सैल केले तेव्हा गाडी माझ्या डोळ्यांदेखत हलकासा उसासा सोडल्यासारखी खाली बसली. खडूच्या आकड्याशी ताडून पाहिले तर सव्वा सेंटिमीटर.

शेवटी मी काय केले, ते सांगतो. वाढवलेले दोन्ही पाटे काढून टाकले. पाच दिवस रिकाम्या चालणाऱ्या गाडीला दोन दिवसांच्या ओझ्याच्या मापाने कडक करणे, हीच मुळातली चूक होती आणि ती माझी होती. दुकानदाराला मी फक्त पोत्यांबद्दल सांगितले होते, आईबद्दल नव्हे. ओझ्यासाठी पाट्यांवर रबरी ठोकळे बसवून घेतले, जे वजन पडून गाडी खाली आल्यावरच टेकतात आणि रिकाम्या गाडीत अधांतरी राहतात. नवे शॉकअप तेच ठेवले. हवा रिकाम्या आणि भरलेल्या दिवशी वेगळी ठेवतो. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेतले, कारण पाटे खोलून बसवल्यावर ते थोडे सैलावतातच. हे सगळे एका दिवसात केले नाही. एका वेळी एकच बदल केला, त्याच लाटांच्या रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवली, वहीत नोंद केली आणि मग पुढच्या बदलाला हात घातला. एकदम चार गोष्टी बदलल्या असत्या, तर कशाने गुण आला हे मला आजही कळले नसते. आता त्या रस्त्यावर ताशी ६० ला गाडी एकदा वर येते, एकदा खाली जाते आणि स्थिर होते.

हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. उसळत्या गाडीचे चाक प्रत्येक उसळीला रस्त्यावरची पकड हलकी करते, आणि त्याच क्षणी ब्रेक लावावा लागला तर गाडी जास्त अंतर घेऊन थांबते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात पुढ्यात येतात, तेव्हा या जास्तीच्या अंतराची किंमत काय असते, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको. मागून पाच सेंटिमीटर उचललेल्या माझ्या गाडीच्या दिव्यांचा झोतही खाली वळला होता आणि रात्री रस्ता पूर्वीपेक्षा जवळच संपत असे. पाटे काढेपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते. कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, म्हणून गाडीची उंची किंवा ठेवण बदलण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घेणे शहाणपणाचे आहे.

सुटे भाग विकणाऱ्यांकडून माझी माफक अपेक्षा आहे. बिलावर ‘शॉकअप, ४ नग’ एवढेच न लिहिता भागाचा क्रमांक, शॉकअपची दाबलेली आणि ताणलेली लांबी, आणि स्प्रिंग असेल तर ती मूळच्यापेक्षा किती कडक आहे, हे लिहून द्यावे. चांगल्या उत्पादकांकडे ही माहिती असते. गॅरेजवाल्यांनी काम करण्यापूर्वीची आणि नंतरची चार चाकांची उंची ग्राहकाच्या कार्डावर नोंदवावी. टेप प्रत्येकाकडे असतो, त्याला पाच मिनिटे लागतात, आणि पुढचे निम्मे वाद तेथेच मिटतील. वाळूजला दुचाकींचे शॉकअप तयार होतात, तेथे आपल्याच जिल्ह्यांतली मुले काम करतात. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांना इंजिन जितके मन लावून शिकवले जाते, तितक्याच मन लावून बुश जमिनीवर का आवळायचा आणि शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून का चालवायचा, हेही शिकवावे, अशी विनंती मी या पत्राद्वारे तेथील शिक्षकांना करतो.

परभणीच्या त्या वाचकबंधूंना मात्र एक गोष्ट थेट सांगायची आहे. त्यांनी ‘जाड तारेच्या स्प्रिंगा’ लिहिले आहे, ती जाडी त्यांनी कॅलिपरने जरूर मोजावी. स्प्रिंगेचा व्यास आणि वेढे तेवढेच ठेवून तार १२ मिलिमीटरची १३ केली, तर डोळ्यांना एका मिलिमीटरचा फरक दिसतो, पण ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे तो सुमारे ३८ टक्क्यांनी चढतो. मूळ गाडीच्या मापाने बनवलेला शॉकअप, गॅसचा असला तरी, एवढी उसळी आवरू शकत नाही. त्यांनी शॉकअप विकून टाकू नयेत. आधी थंड टायरांची हवा पाहावी, मग रॅम्पवर गाडी तिच्या वजनावर उभी करून लोअर आर्मचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळावेत आणि शक्य झाल्यास मूळच्या स्प्रिंगा नव्या शॉकअपसह लावून एक फेरी मारावी. स्प्रिंगा उतरवण्याचे काम मात्र घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी होतो, ते स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजातच करून घ्यावे. एवढे करूनही गाडी उसळतच राहिली, तर चारही चाकांची मापे आणि ती कोणत्या वेगाला उसळते हे त्यांनी याच सदरातून कळवावे. माझी वही अजून जपून ठेवली आहे. त्यांच्या मापांशी ताडून पाहून मी उत्तर लिहीन.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक शेतकरी,
ता. अहमदपूर, जि. लातूर